नंतरची फांदी

तिनं डाव्या हातानं फांदी वाकवून धरली आणि उजव्या हातातला फोन फुलांजवळ नेला. फांदी काही केल्या स्थिर राहीना. घोसावर मधमाश्यांची झुंबड उडाली होती आणि त्यांना तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. दोन फोटो हलले. तिसरा नीट आला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत झाडं ओळखणाऱ्या ॲपनं पडद्यावर नाव उमटवलं. दुरांता.

बस्स, एवढंच. जांभळी फुलं, पाकळ्यांना पांढरी कड, मागाहून धरणारी पिवळी फळं. सगळं जुळत होतं. तिनं नाव एकदा मोठ्यानं उच्चारलं. ज्या माणसाला ते हवं होतं, ते माणूस महिन्यापूर्वी गेलं होतं.

आई दर बहराला या झुडपाचा फोटो पाठवायची. तोही हललेलाच. खाली लिहायची, 'याचं नाव काय गं? मधमाश्या नुसत्या तुटून पडतात.' आईनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती छापायला जाणाऱ्या पुस्तकाची मुद्रितं तपासत होती. मान वर न करता तिनं एका शब्दात उत्तर पाठवलं: 'नंतर.' पुढच्या बहराला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वेळी तर शब्दही नाही, नुसता अंगठा. विचारलेल्या प्रश्नाला अंगठा.

आता घर विकलं गेलं होतं. नवे मालक या जागी गाडी उभी करणार होते. निदान तोडलं जाण्याआधी कळावं, म्हणून ती फोन घेऊन बाहेर आली होती. हे कुणासाठी, हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं.

"आहेस का गं?" शेजारच्या काकू फाटक ढकलून आत आल्या. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात ओलं फडकं. "नंतरची एक फांदी हवी होती."

"नंतर कशाला? आत्ताच घ्या ना."

"आत्ताच घेतेय. नंतरचीच."

"म्हणजे?"

"म्हणजे हीच की!" काकूंनी कात्रीच्या टोकानं झुडूप दाखवलं. "माझं जगलं नाही. आळशी मेली मी, पाणीच घालत नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंचं नंतर बघ, पार छपराला टेकलंय. सगळ्या गल्लीला तुझ्या आईनंच वाटलं."

तिच्या हातातून फांदी सुटली. मधमाश्या उठल्या, घोटाळल्या आणि पुन्हा बसल्या.

"काकू, याला दुरांता म्हणतात."

"म्हणत असतील बाई. आम्ही नंतर म्हणतो."

"आईचा काहीतरी गोंधळ झाला असणार," ती भराभर बोलू लागली. "फोनवर... तिला वाटलं असेल, तेच नाव आहे."

काकूंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"तुझ्या आईला काय मराठी येत नव्हतं?"

लोकांच्या पुस्तकांतला चुकलेला शब्द तिला पान उलटताच टोचायचा. या शब्दात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

"कुणी विचारलं की ऐटीत सांगायची," काकू पानं बाजूला सारत म्हणाल्या. "'माझ्या लेकीनं नाव ठेवलंय हो. नंतर.' आम्ही हसून हसून लोळायचो. पुढे तेच रूढ झालं. डॉक्टरीणबाईंच्या नातवाला तर वाटतं, जगात सगळीकडे हेच नाव आहे."

त्यांनी एक जून फांदी निवडली, तिरकी कापली, खालची पानं ओरबाडून काढली आणि बुडाशी फडकं गुंडाळायला घेतलं.

"आणि आई?" तिनं विचारलं. "तीही हसायची?"

काकू फडक्याला गाठ मारत होत्या. गाठ केव्हाच बसली होती, तरी त्या ओढतच राहिल्या.

"सुरुवातीला हसायची," त्या म्हणाल्या, आणि लगेच घाईघाईनं, "चहा टाकते मी. ये."