टॉवेलची दांडी

मिस्त्री पडले नव्हते. घसरले होते. घसरणं म्हणजे पडणं नव्हे, हे ते सकाळपासून स्वतःलाच समजावत होते. न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर पाय सटकला, हाताला नळ लागला, नळाने त्यांना सावरलं आणि स्वतः मोडून पडला.

"नळ कुजला होता," त्यांनी बायकोला सांगितलं.

"पितळेचा नळ?" भाजी निवडता निवडता ती म्हणाली. "कमाल आहे बाई. आणि नेमका तुमच्या हातातच कुजला!"

मिस्त्रींनी विषय बदलला. रविवारी लेक येणार होती. शेजारच्या आजोबांचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तिने एकच धोशा लावला होता: तुमच्यापैकी कुणी एकदा जरी पडलं, तर दोघांनी सामान बांधून माझ्याकडे यायचं. लेकीचं घर चांगलं, जावई त्याहून चांगला. पण तिथे घरामागचं कामाचं दालन नव्हतं. रंध्याखालून कुरळ्या बटेसारखी निघणारी लाकडाची ढलपी नव्हती, तिचा वास नव्हता. तिथे मिस्त्री नुसते बाबा झाले असते, सोफ्यावर बसवून ठेवलेले.

म्हणून लेक यायच्या आत भिंतीला धरायची दांडी बसवायची, असं त्यांनी ठरवलं. अर्थात, धरायची असं म्हणायचं नाही. टॉवेलची म्हणायची.

जन्मभर त्यांनी लोकांच्या जिन्यांना कठडे केले, आणि एकाही कठड्याची उंची टेपने घेतली नाही. ऐन तारुण्यात दालनाच्या चौकटीला टेकून उभं राहून त्यांनी आपल्या कोपराजवळ पटाशीने एक खाच पाडली होती. हाताने धरायची वस्तू या खाचेच्या उंचीला, हा त्यांचा कायदा. आताही त्यांनी काठी खाचेला लावली, माप घेतलं आणि दांडी तासायला घेतली. अशी गुळगुळीत केली की माशी बसली तरी घसरावी.

बसवताना बायको दारात येऊन उभी राहिली.

"अहो, टॉवेलच वाळत घालायचाय ना? का म्हैस बांधायचीय? एवढे जाड स्क्रू!"

"ओला टॉवेल जड असतो."

"असतो, असतो."

जाता जाता त्यांनी न्हाणीघराच्या दाराची कडीही आवळली. ती दर थोड्या दिवसांनी ढिली व्हायची. "हल्लीच्या स्क्रूंना लाज म्हणून नाही," ते पुटपुटले. बायकोला एकदम गॅसवरच्या दुधाची आठवण झाली.

दांडी धरून बघावी असं त्यांना वाटलं, पण धरली तर कबुली दिल्यासारखं झालं असतं. त्यांनी रुबाबात टॉवेल टाकला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम टाचा उंचावून टॉवेल काढताना बायको गुणगुणत होती:

"उंच लाविली गं दांडी, हात पुरेना पुरेना,
माझ्या मिस्त्र्याचा गं ताठा, काही केल्या उतरेना."

मिस्त्रींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

रविवारी लेक आली. हात धुवायला गेली ती तिथूनच ओरडली, "बाबा, ही कुणासाठी?"

"टॉवेलसाठी."

"इकडे या. धरा बरं."

मिस्त्रींनी धरली. जोर द्यायला गेले तर खांदा वर सरकून कानाला टेकला. त्यांनी दांडीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"फरशी खचलीय," ते म्हणाले.

"अगदी बरोबर," दारातून बायको म्हणाली. "नळ कुजला, फरशी खचली. आपण मात्र आहोत तस्से!"

लेक हसली नाही. माप कुठून घेतलं हे तिला न सांगता कळलं. लहानपणी दालनाच्या त्याच चौकटीशी ती आपली उंची मोजायची. तिने त्यांना मागे नेलं, टेकून उभं केलं. खाच कोपराच्या चार बोटं वर होती.

मिस्त्री त्या चार बोटांकडे बघत राहिले. इतकी वर्षं लाकडं तासली. आपल्यालाही कुणीतरी तासतंय, हे त्यांना कळलंच नव्हतं.

"पडलात ना, बाबा?"

"घसरलो."

"ठरलं होतं आपलं. सामान बांधायचं."

"मग माझ्याही नावाने बांध," बायको म्हणाली. "मी रोज ती कडी धरून आत उतरते. भीती वाटते गं फरशीची. स्क्रू बिचारे उगाच शिव्या खातात."

मिस्त्री गर्रकन वळले. "मला सांगायचं नाही?"

"तुम्ही नळाचं सांगितलंत?"

आता मात्र लेक हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "दोघं मिळून मला फसवत होतात, तेही एकमेकांना न सांगता!"

"दांडी खाली घेतो," मिस्त्री हळूच म्हणाले. "हिच्यासाठी दुसरी करतो. धरायची दांडी."

तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला. लेकीने डोळे पुसले. मग म्हणाली, "रबराची चटई आणि मोठा दिवा मी आजच आणते. उद्या दोघांनी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे यायचं, हाडं आणि डोळे तपासायला. घसरलात तरी त्याच दिवशी फोन करायचा. आणि माझ्याकडे यायचं ते पाहुणे म्हणून. कबूल?"

"कबूल," मिस्त्री इतक्या घाईने म्हणाले की बायकोला ठसका लागला.

मग त्यांनी तिला चौकटीला टेकवून उभं केलं, तिच्या कोपराजवळ पेन्सिल टेकवली आणि पटाशी हातात घेतली.

"आणि पुढे आपण अजून खाली आलो तर?" तिने विचारलं.

मिस्त्रींनी चौकट वरून खाली न्याहाळली.

"येऊ की. बरीच जागा आहे अजून."