दगड मागून आला

"माझा गुडघ्याचा पट्टा कुठे ठेवलास गं?" सासूबाईंनी आतून आवाज दिला. "आज धाकटा प्रार्थनेला नेणार आहे. रस्त्यावर बसून करायचीय म्हणे."

सून डबा भरत होती, तिचा हात थांबला. ती चित्रपटगृहाच्या तिकीटखिडकीवर कामाला होती. ही प्रार्थना कुठल्या रस्त्यावर, हे तिला लगेच उमगलं. सिनेमा कालच लागला होता आणि धर्मरक्षक संघटनेने तो बंद पाडायचा विडा उचलला होता. धाकटा दीर त्या संघटनेत होता. तो दारातच उभा होता.

"भाऊजी, आईंना उन्हात कशाला बसवता?"

"म्हाताऱ्या बायका पुढे असल्या की पोलीस हात उगारत नाहीत," तो हळूच म्हणाला. "सगळीकडे असंच करतात. तुम्ही आज रजा टाका, वहिनी."

"तुम्ही पाहिलात तो सिनेमा?"

"घाण कळायला तोंडात घालून बघावी लागते का?"

"अहो, पण ताटात डोकावून तरी बघाल की नाही?"

त्याने चपला घातल्या. सून सासूबाईंकडे गेली. "आई, ती प्रार्थना नाही हो, मोर्चा आहे. तुम्हाला ढाल करून पुढे बसवतायत."

"चल, काहीतरीच तुझं!" सासूबाई हसल्या. "पोटचा पोर आहे तो. आणि देवाचं नाव घ्यायला रस्ता काय नि घर काय!"

आता सिनेमात होतं तरी काय? एक लबाड धर्मगुरू देवाच्या भेटीसाठी लोकांना नंबर देतो आणि ओळखीच्यांना मागच्या दाराने आत सोडतो. बस्स, एवढंच. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट. पण ज्यांचं मागचं दार होतं, त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि भोळ्या भाविकांना त्यांनी सांगितलं की देवाची विटंबना झाली.

दुपारी सून खिडकीच्या काचेआड बसली होती. समोर तापलेल्या डांबरावर पहिल्याच रांगेत सासूबाई, चित्रपटगृहाकडे तोंड करून, डोळे मिटून. खरंच प्रार्थना करत होत्या हो त्या! मागे मात्र पोरांच्या मुठी वळलेल्या. मग घोषणा चढल्या आणि पोस्टरची काच खळ्ळकन फुटली. पुढचा दगड काचेपर्यंत पोचलाच नाही. सासूबाई पुढे कोसळल्या.

"दार उघडू नको!" मॅनेजर ओरडला.

"माझी सासू आहे ती!" सुनेने कडी काढली नि धावली.

तिने त्यांना आत आणून बाकावर बसवलं, रक्त पुसलं, पट्टी बांधली. तेवढ्यात धाकटा आला, बरोबर संघटनेचे अध्यक्ष आणि एक कॅमेरावाला.

"आई, थेटरवाल्यांनी दगड मारला, एवढंच बोल," धाकटा म्हणाला. "संध्याकाळपर्यंत टाळं ठोकतो बघ."

टाळं लागलं की सुनेची नोकरी गेली, मॅनेजरला तुरुंग. आणि आईचं मन लेकाकडे ओढ घेणार, हे काय तिला माहीत नव्हतं?

सासूबाईंनी डोक्यामागची पट्टी चाचपली. "थेटर माझ्या कुठल्या बाजूला होतं रे?"

"समोर."

"आणि जखम?"

सासूबाई बाकावर वळून बसल्या. "काढा फोटो. मागून काढा, नीट दिसू दे."

"आजी, धर्मासाठी थोडं..." अध्यक्ष पुढे सरसावले.

"धर्मासाठी खोटं बोलू? खोटं बोलू नये, हेच जन्मभर प्रार्थनाघरात ऐकत आले मी. त्या दिवशी तुम्ही गैरहजर होतात वाटतं?"

कॅमेरावाल्याने फोटो काढला. अध्यक्षांनी काढता पाय घेतला. सासूबाईंनी सुनेकडे हात केला. "मला एक तिकीट दे. ज्याच्यापायी डोकं फुटलं, ते बघू तरी काय आहे."

"आई, आधी दवाखाना!"

"टाके घालून येऊ, मग बघू. पण आजच बघणार."

आणि टाके घालून, सुनेच्या खांद्याला धरून त्यांनी संध्याकाळचा खेळ अख्खा पाहिला. बाहेर आल्या तेव्हा धाकटा पायरीवर बसलेला.

"बघितला," त्या म्हणाल्या. "मला नाही आवडला. गाणी भिकार, दोन ठिकाणी तर रागच आला. म्हणून काही मी उठून दगड नाही मारला. अरे, माझ्या देवावर सिनेम्याने ओरखडासुद्धा उठला नाही. डोकं माझं फुटलं, आणि ते तुमच्या दगडाने."

"आई, मी नाही मारला गं..." त्याचे डोळे भरले.

"मारला नाहीस. मला पुढे बसवलंस."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनाघरात कुजबुज होती, की म्हातारीला आत घेऊ नये. सासूबाई पट्टीसकट आल्या, सुनेचा हात धरून. अध्यक्ष दारात आडवे उभे होते.

"सरका," त्या म्हणाल्या. "काल रस्त्यावर पहिल्या रांगेत बसवलंत ना? आज इथेही मी पहिल्याच रांगेत बसणार."

अध्यक्षांनी मागे पाहिलं. त्यांच्या बाजूने बोलायला कुणी पुढे आलं नाही. ते सरकले, आणि सासूबाई जाऊन बसल्या. सगळी सभा त्यांच्या मागे होती. मान खाली घातल्याशिवाय ती पट्टी कुणाच्याच नजरेआड होत नव्हती.