सितारामच्या खिशातला आरसा

मी आरसा बोलतोय. तळहातात मावणारा, पत्र्याच्या कडेचा. शुद्धलेखनाच्या चुका सापडतील, त्या पोटात घाला. शब्दही साधेच आहेत. मी सांगतो ते लिहून घेणाऱ्या सितारामनं पाचवीतच शाळा सोडली.

का सोडली, तेही सांगतो. हजेरीला त्याच्या तोंडून 'हजर' निघायच्या आत मास्तर पुढच्या नावावर जायचे. पहिल्या रांगेत बसलेला पोरगा महिनाभर गैरहजर!

बहात्तरच्या दुष्काळाआधी त्याच्या आईनं, सुलाबाईनं, मला उरुसात घेतलं. चुडावा गावातल्या घरात खुंटीवरून मी सगळं बघितलं. पोराची जीभ सुटावी म्हणून कुणी वेखंड उगाळून चाटवलं, कुणी पोपटानं उष्टावलेला पेरू खाऊ घातला.

"पोपट बोलायलाय, आमचं पोरगं न्हाई," असं बाप आश्रुबा म्हणायचा. डॉक्टरनं घसा बघितला आणि ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. पुढं कुठं जायचं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

'प' त्याला सगळ्यात जड. बहीण मालनबाई पिंगळीला दिलेली. स्टेशनात तिकिटाच्या खिडकीत 'पिंगळी' निघेना, म्हणून हा अलीकडच्या मिरखेलचं तिकीट घ्यायचा आणि तिथून रुळाच्या कडेनं चालत जायचा.

एकदा सुलाबाई सोबत होती; घरी येऊन तिनं सांगितलं ते मी खुंटीवरून ऐकलं. तिकीटबाबू व्यंकटरावांनी विचारलं, "काय रं, मिरखेलला सासुरवाडी काढली का काय?"

सुलाबाईनंच खरं ते सांगितलं. व्यंकटराव हसले नाहीत. "माय, परभणीला दर मंगळवारी एक बाई बसतेत. अडखळणाऱ्याला बोलायला शिकवतेत. माझ्या भाच्याला लय फरक हाय."

त्या नर्मदाबाईंनी पहिल्याच दिवशी आरसा आणायला सांगितला. असा मी खुंटीवरून खिशात आलो. "ओठ आवळू नकोस," त्या म्हणायच्या, "दिवा विझणार नाही इतकी हळू फुंकर घाल आणि तिच्यावर शब्द सोड."

सिताराम गोठ्यात म्हशीसमोर सराव करायचा. माझ्यावर वाफ धरायची, ती बाहीनं पुसायचा. म्हैस कधीच पुढच्या नावावर गेली नाही. माणसांनाही माझं एवढंच मागणं आहे: अडखळणाऱ्याचा शब्द त्यालाच पुरा करू द्या.

तिकीट मात्र अजून सुलाबाईच काढायची. मग कापूस फुटला. सोमवारी सांजच्याला ती म्हणाली, "उद्यापून येचणी हाय, बाबा. मला न्हाई जमायचं. तिकीट मागता आलं तर जा, न्हाई तर ऱ्हाऊ दे ते शिकणं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिताराम एकटाच स्टेशनात गेला. खिडकीत व्यंकटराव नव्हते, नवाच माणूस होता.

"कुठं?"

सितारामनं मला तळहातावर धरलं. ओठ मिटले, आवळले.

"आरं बोल की, गाडी यायली!" मागून रांगेतले गावचे किशनराव ओरडले.

त्यानं माझ्यात बघितलं. ओठ सैल सोडले. माझ्यावर वाफ आली.

"प... परभणी. एक."

तिकीट हातात पडलं.

"सर की रं फुडं!" किशनराव पुन्हा ओरडले.

सिताराम हलला नाही. गरज नसताना परक्या माणसाशी तो जन्मात बोलला नव्हता. समोर इंजिन धूर सोडत फलाटाला लागत होतं, सगळ्या स्टेशनाला दिसत होतं. तरी तो खिडकीत वाकला आणि म्हणाला,

"गा... गाडी आली का हो, साहेब?"