ज्याचा मजला त्याचा जिना

हेमांगीने बाबागाडीचा ब्रेक पायाने दाबला, टप पुढे ओढला आणि जिन्याच्या तोंडाशी उभं राहून वर हाक मारली.

“गाडी आली गं!”

हाक वर गेली ती वरच राहिली. एकाही दाराची कडी वाजली नाही. कोणाकडे तरी टीव्हीवर मालिका चालू होती, तिच्यातली सासू मात्र मोठ्याने बोलत होती.

मागे फाटकाशी सून उभी होती, हाताची घडी घालून. संचिताने रिक्षातून उतरतानाच सांगितलं होतं की आज ती कशालाही हात लावणार नाही. रजा संपत आली होती, सोमवारपासून ठाण्याचं ऑफिस. कृती आजीकडे राहणार की मानपाड्याला त्यांच्या टॉवरखालच्या पाळणाघरात, हे आजच ठरायचं होतं. आजीच्या मायेबद्दल कोणाला शंका नव्हती. शंका होती ती जिन्याबद्दल. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि हेमांगीचे गुडघे म्हणजे बोलायची सोय नाही. रोज संध्याकाळी मुलीला हवेवर कशी न्याल, असं संचिताने सरळ विचारलं होतं. तेव्हा हेमांगी ऐटीत म्हणून गेली होती, की आमच्या श्रमसाफल्यमध्ये गाडी चढवावी लागत नाही, चढते.

आता बोलून बसली होती खरी.

पण ती काही थाप नव्हती. तिचा मुलगा विनीत तान्हा होता तेव्हा या जिन्यावर गाडी खरंच आपोआप चढायची. लोखंडी, निळ्या रेक्झिनची, एक चाक कायम कुरकुरणारी ती गाडी. खालून हाक मारायची की प्रत्येक मजल्यावरचं कोणी ना कोणी पदराला हात पुसत बाहेर यायचं आणि आपला जिना चढवून पुढच्याच्या हवाली करायचं. ज्याचा मजला त्याचा जिना, असा इमारतीचा कायदाच होता. गॅसचं सिलिंडर तसंच वर जायचं, गणपतीही तसाच. दुसऱ्या मजल्यावरच्या रंगूबाईंच्या यजमानांचा पाय मोडला तेव्हा ते खुर्चीत बसून, वाटेत प्रत्येक मजल्यावर चहाला नाही म्हणत वर पोचले होते. आणि एक पोटकलम होतं. मूल गाडीत ठेवून जिना चढायचा नाही. मूल आधी उचलायचं, ज्याचे हात रिकामे असतील त्याने.

हेमांगीने पुन्हा हाक मारली. या वेळी आवाज जरा कापला, आणि तो संचिताला ऐकू गेला असेल याचीच तिला लाज वाटली.

तळमजल्याचं दार उघडलं. काळुराम बाहेर आला, कमरेचा पट्टा आवळत. इमारतीखालची जमीन त्याच्या बापाची, एके काळी इथे त्यांचं भाताचं शेत होतं. त्यामुळे इमारतीतली प्रत्येक गोष्ट आपल्याला विचारून व्हावी असं त्याला अजून वाटे.

“मना वाटला गॅस आयला,” तो म्हणाला. मग गाडीत वाकून बघितलं आणि त्याचा चेहराच पालटला. “विनीतची काय गो ही? तू जा वर, दार उघड. मी आणतो.”

हेमांगीचा जीव भांड्यात पडला. किल्ली तिच्याकडे होती आणि तिला चढायला वेळ लागे, म्हणून ती पुढे निघाली. तेवढ्यात संचिताचा फोन वाजला. ऑफिसचा होता, म्हणून ती आवाज नीट यावा यासाठी फाटकाबाहेर गेली.

हेमांगी कठड्याला धरून एकेक पायरी चढत राहिली. पहिल्या मजल्यावर आता भाडेकरू होते, दारावर आडनावसुद्धा नव्हतं. दुसऱ्यावर रंगूबाईंचं दार किलकिलं दिसलं. खालून काळुरामचं धापा टाकणं येत होतं आणि त्यात मधूनमधून गाडीला दिलेल्या शिव्या. हेमांगीला हसू आलं. घरात शिरून तिने पंखा लावला, सतरंजी झटकली, पाण्याचा तांब्या भरला. बाहेर गाडी टेकल्याचा आवाज आला. इतका वर आलोच आहे तर गच्चीतली टाकी बघून येतो, असं काहीतरी पुटपुटत काळुराम वर गेला.

ती बाहेर आली तेव्हा संचिता फोन पर्समध्ये टाकत शेवटच्या पायऱ्या चढत होती. चेहऱ्यावर थोडं कौतुकही होतं. गाडी चढली होती, हे तर दिसतच होतं. तिने वाकून टप मागे सारला.

गाडीत दुपटं होतं. खुळखुळा होता.

“आई, कृती आत आहे ना?”

“आत? अगं, तुझ्याकडे नाही?”

संचिताचा चेहरा पांढरा पडला. ती कठड्यावरून खाली वाकली आणि तिने जी हाक मारली, ती हेमांगीला विसरू म्हटलं तरी कधी विसरता येणार नव्हती.

“कृती!”

आणि दारं उघडली. टीव्ही बंद झाला. पहिल्या मजल्यावरचा नाव नसलेला भाडेकरू गालाला अर्धा साबण तसाच ठेवून बाहेर आला, त्याची बायको एका दमात अर्धा जिना चढून वर आली. समोरच्या दारातून कानात वायर अडकवलेली मुलगी आली, ती वायर उपटतच. कोणीतरी खाली फाटक लावून घ्यायला धावलं, तेही न सांगता. गच्चीवरून काळुराम ओरडला, “काय झाला? काय झाला?”

सगळ्यांत शेवटी दुसऱ्या मजल्यावर रंगूबाई आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने कडेवर कृती. कृतीच्या हनुवटीला केळं लागलेलं होतं आणि मुठीत रंगूबाईंच्या चष्म्याची दोरी.

“अगं, ओरडता काय?” रंगूबाई म्हणाल्या. “काळुरामच्या कमरेला का दोघांचं ओझं द्यायचं? गाडी काही माझ्याने उचलत नाही, म्हणून तो माझ्या दाराशी टेकला तेव्हा हिला घेतली.”

हेमांगी पायरीवर बसली. विनीतचं अगदी असंच झालं होतं. गाडी वर आली, विनीत नाही. ती रडून अर्धमेली झाली, आणि विनीत सापडला तो याच रंगूबाईंच्या मांडीवर, वरणभात खाताना. त्यानंतर कितीतरी वर्षं इमारतीत ती गोष्ट सांगून हसत. तिला ती आत्ता सांगावीशी वाटली. पण संचिता ज्या तऱ्हेने मुलीला छातीशी धरून उभी होती, ते बघून ती नुसतीच कठडा धरून उठली.

दारं हळूहळू लागली. जाताना भाडेकरणीने कृतीच्या पायाला हात लावला, साबणवाल्याने पाणी हवं का म्हणून विचारलं.

घरात आल्यावरही संचिताने कृतीला खाली ठेवलं नाही. तिने चहा अर्धा टाकला. हेमांगीने मनाची तयारी केली. वाईट तर वाटतच होतं, पण चूक ती चूक.

“पाळणाघरच बरं,” तीच शेवटी म्हणाली. “आमचे जुने कायदे, बाई. आता माणसंही जुनी झाली.”

संचिता कृतीची हनुवटी पुसत होती.

“आमच्या टॉवरमध्ये मी अशी ओरडले असते ना, तर एक दार,” ती म्हणाली, आणि वाक्य तिने तसंच सोडलं. मग थोड्या वेळाने, जरा रागानेच, “पुढच्या वेळी उचलताना सांगून उचला म्हणावं त्यांना.”

उन्हं उतरल्यावर ती निघाली. कृतीला कडेवर घेऊन, कठडा धरून. दुसऱ्या मजल्यावर ती थांबल्याचं हेमांगीने वरून ऐकलं. काय बोलणं झालं ते कळलं नाही. मग खाली रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला, आणि वळून बघते तो दाराशी बाबागाडी तशीच उभी. हेमांगी गुडघ्यांना न विचारता गॅलरीत धावली.

“संचिता, अगं, गाडी राहिली!”

संचिताने रिक्षातून डोकं बाहेर काढून वर बघितलं.

“राहू दे, आई. सोमवारी काळुरामकाकांना परत चढवायला कशाला लावायचं?”