रोह्यांचा रस्ता

नांदेडच्या कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या मनस्विनीला किनवटकडच्या राखीव जंगलातल्या पायवाटा वनखात्याला तपासून द्यायच्या होत्या. पर्यटकांसाठी कोणती वाट खुली करायची, ते तिच्या अहवालावर ठरणार होतं. रविवारी पाच वर्षांच्या लेकीला, देविकाला, ठेवायला घरी कुणी नव्हतं, म्हणून तीही आली होती. पँटचे पाय मोज्यांत खोचून.

वाट दाखवायला पायथ्याच्या गावातल्या केवळाबाई होत्या. त्यांची सून वर्षाराणी गाईडच्या यादीत होती. एखादी तरी वाट पास झाली तर तिला गावातच काम मिळणार होतं.

पहिल्या दोन वाटा भलत्याच निसरड्या निघाल्या. तिसरी बघून मात्र मनस्विनीचा जीव भांड्यात पडला. चढ सोसवेल असा, काटा नाही, आणि चहूकडे सागाचा पाचोळा साचलेला असताना हिच्यावर एक पान शाबूत नव्हतं. कडेला लेंड्यांचा मोठा ढीग दिसला. तिने मोबाईलवरच्या तक्त्यात लिहिलं, ‘शेळ्यांचा नित्य वावर. लहान मुलांसाठी सुरक्षित.’ चाळीसपैकी अडतीस गुण.

“मावशी, तुमच्या शेळ्या इथंच बसतात वाटतं?”

“शेळी चालता चालता टाकती, म्याडम. रोज येका जागी ढीग घालाया ती काय शाळंत गेली हाय?” केवळाबाई जरा घुटमळल्या. “रोह्यांचं हाय ते. रस्ता बी त्यायचाच, पाण्याला जायचा. आमी ह्याच्यावरून चालत न्हाई, बाजूनं जातो.”

“मग मला का आणलंत इथून?”

“सुनंचं काम व्हतं ना.”

मनस्विनीने लेकीचं मनगट घट्ट धरलं. रोही म्हणजे नीलगाय, हे तिला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि लेकीला घेऊन त्यांच्याच रस्त्यावर उभं असणं वेगळं. तेवढ्यात केवळाबाईंनी दोघींना मोहाच्या झाडाखाली ओढलं. “बसा. हलू नका.”

आधी नर आला. घोड्याएवढा उंच, पावसाळी आभाळाच्या रंगाचा, खुरांवर पांढरे तोडे घातल्यासारखे पट्टे. त्याच्यामागे माद्या, पिल्लं, एकामागून एक. एवढाली धुडं, पण पावलांचा आवाज म्हणून नाही. ओल्या नाकपुड्यांतला श्वास तेवढा ऐकू येत होता. अकरापर्यंत मोजून मनस्विनीने मोजणं सोडलं. सकाळपासून दगड, काटे, बिळं हुडकणारे तिचे डोळे पहिल्यांदाच एका जागी थांबले होते. नराने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि ह्या तिघी कुणीच नसल्यासारखा तो पुढं निघून गेला.

“गेल्या साली माझी अख्खी तूर खाल्ली ह्यायनी,” केवळाबाई कुजबुजल्या. “पण असं म्होरं बघितलं की शिवी तोंडातच राहती.”

कळप उतारावर दिसेनासा झाला. मनस्विनीने तक्त्यातले अडतीस गुण पुसले.

“नापास केली?” केवळाबाईंचा चेहरा उतरला.

“चालायला नापास.” तिने झाडापासून त्या रस्त्यापर्यंतचं अंतर डोळ्यांनीच मापलं आणि लिहीत लिहीत वाचून दाखवलं, “पर्यटकांनी बाजूच्या वाटेनं इथवर यायचं. एका वेळी सहा जण, गावातली गाईड सोबत. झाडाखाली गुपचूप बसायचं.”

“नुसतं बसाया कोण यील, म्याडम? ते बी नांदेडवरून?”

मनस्विनीने मांडीवर बसलेल्या लेकीकडे पाहिलं. घरी दोन मिनिटं एका जागी न टिकणारी देविका रिकाम्या रस्त्याकडे अजून टक लावून होती.

“हिला इथून उठवून बघा बरं,” मनस्विनी म्हणाली.