बसलेल्या टायरचं माप

ताईचा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते. "अजून अंधूक दिसतंय गं. तुझा चेहरा दिसतोय तोवर येऊन जा," म्हणाली. डॉक्टरांनी तिला दोन महिने सांगितलेत, मग कायमचा अंधार.

ताईचं घर आठ तासांवर. बसमध्ये मला वळणावळणाला उलट्या होतात, स्वतः गाडी चालवली तर नाही होत. पण आमच्या ह्यांचं एकच पालुपद, "अगं, वाटेत पंक्चर झालं तर? जॅक लावता येतो का तुला?" पाय अधू झाल्यापासून हे खिडकीशी खुर्ची टाकून बसतात. मी दाराबाहेर पाऊल टाकलं की काठी आपटतात. भाजीला वीस मिनिटं, एकविसाव्या मिनिटाला फोन. चार वर्षांत मी दवाखान्यापलीकडे गेलेली नाही. जीव नुसता गुदमरतो. शेजारीण दोन दिवस ह्यांचं बघायला तयार झाली, तरी ते मेलं पंक्चर आडवं आलंच.

म्हटलं, एकदाचा जॅकच घेते. मग बघू काय कारण काढतात.

दुकानदाराने बाटलीसारखा उभा, सात इंची जॅक पुढे सरकवला. "हा घ्या काकू. हत्ती उचलाल."

"हत्ती नाही माझ्याकडे. गाडी आहे, बावीस वर्षांची, कंबर खचलेली."

तो हसला. "मग दाराखाली जागा किती?"

"साडेसात इंच." पट्टी लावून मोजून आले होते, उगाच नाही.

"हवा भरलेली असताना?"

"मग काय!"

"अहो काकू, पंक्चर झाल्यावर कुठली हवा? गाडी खाली बसते. हवा सोडून मोजा आणि मग या. स्टेपनी ठीक आहे ना?"

"आहे हो," मी ठसक्यात म्हटलं. मला काय इतकंही कळत नाही?

घरी येऊन ह्यांच्या डोळ्यांदेखत पुढच्या चाकाची हवा सोडली. "अगं, वेड लागलं का?" हे खिडकीतून ओरडले. "तेवढंच बाकी आहे," मी म्हटलं. पट्टी लावली, तर जेमतेम पाच इंच. तो बाटलीवाला घेतला असता तर भर रस्त्यात मी आणि जॅक एकमेकांची तोंडं बघत बसलो असतो!

गाडी तशीच ठेवून चालत परत गेले आणि कात्रीसारखा उघडणारा, बुटका जॅक घेतला. मिटला की चार इंच, सीटखालीसुद्धा मावतो.

मागच्या चाकाला विटा लावल्या. नट आधी जमिनीवरच सैल केले, पान्यावर उभी राहून. मग जॅक घातला आणि दांडा फिरवत बसले. गाडी कुरकुरत वर आली. आली हो! छप्पन्नाव्या वर्षी एकटीने गाडी उचलली मी. चाक काढून बाजूला ठेवलं आणि खिडकीकडे बघून म्हटलं, "बघितलंत?"

ह्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

डिकी उघडली. गालिचा वर केला. खाली गोल खड्डा, त्यात एक जुनं फडकं. स्टेपनी नव्हती.

"अहो, स्टेपनी कुठेय?"

"दिली," हे म्हणाले. "टायरवाल्याला, इथेच बोलावून. तू भाजीला गेली होतीस तेव्हा."

"कधी?"

"दोन वर्षं झाली."

दोन वर्षं! आणि रोज विचारत होते, जॅक लावता येतो का म्हणून. हातातला पाना फेकावासा वाटला. "का? माझी बहीण आंधळी व्हायला आलीय, आणि तुम्ही..."

"तू एकदा गेलीस की परत कशाला येशील?" ह्यांचा आवाज चिरकला. "इथे आहे काय तुझ्यासाठी?"

मी तिथेच विटेवर बसले. शपथेवर सांगते, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. दोन दिवस जायचं, ताईजवळ बसायचं, आणि यायचं, एवढंच होतं डोक्यात. कुणी कालपर्यंत विचारलं असतं तर हसून सांगितलं असतं, इतक्या वर्षांचा संसार टाकून जाणार कुठे बाई?

तेच बसकं चाक परत लावलं. जॅक उतरवला, पायपंपाने हवा भरली. पोटऱ्या भरून आल्या. आत जाऊन चहा टाकला, ह्यांच्या हातात कप दिला.

"उद्या टायरवाल्याकडे जाते," मी म्हटलं. "परवा पहाटे निघेन."

"येशील ना पण?" ह्यांनी विचारलं.

हो म्हणायला तोंड उघडलं, आणि शब्दच फुटेना.