पिवळ्या ठिपक्याचा माल

आमच्या मोठ्या दिरांनी माझी गाडी मला न विचारता विकली. म्हणजे शब्द देऊन मोकळे झाले. माझी सही तेवढी राहिली होती, आणि ती मी निमूट करीन असं त्यांनी गृहीतच धरलं होतं.

"स्टेअरिंग सुटलंय तिचं," भरमू भाऊजी म्हणाले. "बाईमाणूस चालवणार, कुठंतरी जाऊन आपटणार. त्यापरीस दिऊन टाकू. रविवारी गिऱ्हाईक येतंय."

गाडी म्हणजे जुनी अल्टो, माझ्या पगारातून घेतलेली. कंग्राळीहून मच्छेच्या कारखान्यात जायचं तर मध्ये अख्खं बेळगाव ओलांडावं लागतं. जाताना दोन बस, आणि दुसरी पाळी सुटते तेव्हा एकही नाही. गाडी गेली की माझी नोकरी गेली, हे भाऊजींना चांगलं ठाऊक होतं. लग्न झाल्यापासून त्यांना तेच तर हवं होतं. नवरा लष्करात, राजस्थानात. फोनवर म्हणाला, "रचना, दादासंगं वाद घालू नको." इतक्या लांबून सल्ला द्यायला काय जातंय!

गाडीचं दुखणं मला माहीत होतं. खड्ड्यात गेलं की खालून टक्क आवाज यायचा, स्टेअरिंग थोडं फिरवलं तरी चाकं ढिम्म. टायरॉडची टोकं झिजली होती. टायरॉड म्हणजे चाकाला वळवणारा दांडा. त्याच्या टोकात एक गोळी बसवलेली असते, ती ढिली झाली की गाडी आपल्या मनाने चालायला लागते. हे मी नाही ओळखायचं तर कुणी? मच्छेच्या कारखान्यात सहा वर्षं मी हीच टोकं तपासतेय.

"मीच बदलते," मी म्हटलं.

भाऊजी हसले. "तपासायचं येगळं, बसवायचं येगळं. तरी कर. गाडी सरळ चालली तर गिऱ्हाईक खूश हुईल. सामान मी आणतो. माझ्या वळखीतला माणूस हाय, मच्छ्यातलाच माल देतोय."

रविवारी सकाळी अंगणात गाडी जॅकवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले, पुढच्या बाजूला खाली लाकडी ठोकळे सरकवले. सासूबाई उंबऱ्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. शेजारचे तिघे पुरुष कुंपणाला टेकून उभे राहिले. बाई शेतात राबते ते कुणी थांबून बघत नाही, पाना धरलेला मात्र त्यांना बघायचा होता.

चाक काढलं, नट सैल केला, हातोडा उचलला.

"खालनं बोल्टवर हाण, जोरात," भाऊजींनी हुकूम सोडला.

बोल्टवर हाणलं की आटे चेपतात आणि टोक तिथंच अडकून बसतं. मी बोल्टला हात लावला नाही. टोक ज्या लोखंडी कानात बसलेलं असतं, त्या कानाच्या बाजूवर घाव घातले. तिसऱ्या घावाला सुटलं. मग ते दांड्यावरून फिरवत काढताना फेरे मोजले. जेवढ्या फेऱ्यांनी जुनं निघतं तेवढ्याच फेऱ्यांनी नवं चढवायचं, म्हणजे चाकं होती तशी सरळ राहतात. डावीकडे सतरा, उजवीकडे अठरा. खडूने पायरीवर लिहून ठेवलं.

मग भाऊजींनी आणलेला खोका उघडला. टोक हातात घेतलं, गोळीच्या दांडीवर अंगठा टेकला आणि हात थांबला.

नवी गोळी ताठ असते, फिरवताना अंगठा दुखतो. ही गपकन फिरली. मी रबरी टोपी जरा उचलली. आतल्या घडीत पिवळा रंग. बाहेरचा कुणीतरी थिनरने पुसला होता, आतला राहून गेला होता.

आमच्या कारखान्यात तपासणीच्या प्रत्येक टेबलाचा रंग वेगळा. दिपालीचा लाल, माझा पिवळा. नापास मालावर ठिपका द्यायचा आणि भंगाराच्या पेटीत टाकायचा. म्हणजे हा माल मीच नापास केलेला! भंगारातून तो मागच्या दाराने कुणीतरी काढला, खोक्यात घातला, आणि भाऊजींनी एवढ्या बेळगावातून शोधून नेमका माझ्याच हातात आणून दिला. दुसऱ्या टोकालाही तोच ठिपका.

"हे बसवत न्हाय मी," मी म्हटलं आणि का ते सांगितलं.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. खानापूरकडचा मष्णू, सोबत बायको, तिच्या कडेवर पोर. भाऊजी माझ्या कानाशी वाकले. "गप बसव. आज सरळ चालंल. म्होरलं त्येंचं त्ये बघतील."

इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. मी आपटेन म्हणून गाडी विकायला निघालेला माणूस हा! दुसऱ्याचं पोर आपटलं तर चालत होतं.

मी उठून सरळ मष्णूपुढे गेले. "दादा, गाडी माझी हाय आणि मला इकायची न्हाय. ह्यो माल बघा. हे घालून तुमच्या गळ्यात मारायची चाललीया. घाटात चाक एकीकडं आणि तुमी एकीकडं जाशीला."

मष्णूने पोराकडे बघितलं, भाऊजींकडे बघितलं, आणि बायकोला घेऊन निघून गेला.

"चार माणसांत घराची अब्रू घालवलीस!" भाऊजी कडाडले.

"मी न्हाय घालवली. माझा ठिपका पुसून माल आणला कुणी?"

सासूबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "भरमू, घरात जा," एवढंच म्हणाल्या. ते गेले.

मी बसने बेळगावच्या कॅम्प भागात गेले. तिथल्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात एकेक खोका उघडून अंगठा लावत बसले, तेव्हा दुकानदार वैतागला. "ताई, डाळिंबं घेताय काय?" सातव्या आणि आठव्या खोक्यातली ताठ निघाली, ती घेतली. घरी येऊन बसवली. सतरा फेरे, अठरा फेरे, नट आवळले, पिना वाकवल्या. कंग्राळीच्या रस्त्यावर गाडी काढली आणि क्षणभर दोन्ही हात सोडले. गाडी नाकासमोर चालली. मी एकटीच मोठ्यानं हसले. चाकांची अलाइनमेंट मशीनवर करून घेणारच होते, पण ती औपचारिकता होती.

सोमवारी दुपारी पाळीला निघाले, तेव्हा भाऊजी दारात होते. ती दोन नापास टोकं मी शेजारच्या सीटवर ठेवली होती.

"ती कुठं न्हेतीस?"

"सायबाच्या टेबलावर. मागच्या दारानं काय जातंय ते दाखवायला."

"येडी हायस काय? त्यात सायबाचाच हात असला तर? नोकरी जाईल तुझी. मग ही गाडी काय करायची हाय?"

"दुसरी नोकरी शोधायला जायाला लागंल की," मी म्हटलं आणि गाडी फाटकाबाहेर काढली.